प्रोस्टेट कॅन्सरचं हार्मोन इंजेक्शन आणि उतरणारं हिमोग्लोबिन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी हार्मोन रोखणारं इंजेक्शन चालू असलेल्या किंवा वृषणं काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसाठी आणि त्यांचे रिपोर्ट सांभाळणाऱ्या घरच्यांसाठी आहे. गोव्यात हे काम बहुधा मुलगी, सून किंवा पत्नी करते, त्यामुळे बरेचसे प्रश्न त्यांच्याच तोंडचे आहेत.

इंजेक्शन प्रोस्टेटसाठी आहे, मग रक्त का कमी होतं?

कारण टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन रक्तही बनवून घेतं. वयात येण्याआधी मुलगा आणि मुलगी यांचं हिमोग्लोबिन जवळपास सारखंच असतं. नंतर मुलग्यांचं (दर १०० मिलिलिटर रक्तामागे) एक-दोन ग्रॅमने वर चढतं, ते या हार्मोनच्या जोरावर. मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन नावाचं जे संप्रेरक निघतं त्याला ते चालना देतं, अस्थिमज्जेतल्या लाल पेशींच्या वाढीला मदत करतं आणि यकृतातलं हेप्सिडिन कमी ठेवतं. हेप्सिडिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या कोठाराचं कुलूप. ते कमी असलं की लोह सहज बाहेर पडून रक्त बनवायच्या कामी लागतं.

ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन, डेगारेलिक्स ही इंजेक्शनं किंवा वृषणं काढण्याची शस्त्रक्रिया, सगळ्यांचा हेतू एकच : टेस्टोस्टेरॉन जवळपास शून्यावर आणणं. कॅन्सर दबतो तो त्यामुळेच, आणि रक्ताचा तो जास्तीचा एक-दोन ग्रॅमही त्याच्याबरोबरच जातो. इंजेक्शन चुकीचं दिलं गेलं असा याचा अर्थ नाही.

किती उतरतं, आणि कधी?

बहुतेकांत १ ते २ ग्रॅम. म्हणजे आधी १४ असेल तर १२ ते १३ च्या दरम्यान येऊन थांबतं. उतार पहिल्या महिन्यापासूनच रिपोर्टात दिसू लागतो आणि सर्वांत खालची पातळी साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात येते. इतका वेळ लागतो कारण लाल पेशीचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं असतं. आधी बनलेल्या पेशी आपलं आयुष्य पुरं करतात, नव्या थोड्या कमी बनतात, आणि तीन-चार महिन्यांनी ती तूट आकड्यात उतरते. त्यानंतर रेघ सपाट होते.

इंजेक्शनाबरोबर बायकाल्युटामाइडसारखी गोळीही चालू असेल तर घसरण थोडी जास्त असू शकते. कीमोथेरपी, कटिप्रदेशाला दिलेली रेडिएशन किंवा ओलापारिबसारखी गोळी असेल तर मात्र हा हिशेब लागू पडत नाही. त्यांचा परिणाम वेगळा आणि अनेकदा मोठा असतो.

पहिल्या इंजेक्शनाआधी काय करून ठेवावं?

सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तातल्या सगळ्या पेशी मोजणारी तपासणी. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. आधीचा आकडा हाताशी नसेल तर सहा महिन्यांनी आलेला ११.४ हा १३ वरून आलाय की १५ वरून, हे कुणालाच सांगता येत नाही, आणि या दोन गोष्टींत फार फरक आहे. १३ वरून १.६ ग्रॅम उतरणं अपेक्षित आहे. १५ वरून ३.६ उतरलं तर दुसरं काहीतरी शोधावं लागतं.

सीबीसीसोबत फेरिटिन (लोहाचा साठा), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम) आणि बी-१२ करून घेतलं तर पुढचा बराच गोंधळ वाचतो. इंजेक्शन सुरू होऊन गेलं असेल तरी हरकत नाही. घरातल्या जुन्या फाइली काढा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनाआधी, बायोप्सीआधी किंवा कधीतरी तापात केलेला सीबीसी सापडतोच. पाच वर्षांपूर्वीचा असला तरी कामाचा आहे.

पुढे तीन महिन्यांचं इंजेक्शन असेल तर प्रत्येक वेळी पीएसएच्या (प्रोस्टेटच्या कॅन्सरवर नजर ठेवणाऱ्या चाचणीच्या) रक्तातच सीबीसी सांगून ठेवा, म्हणजे वेगळी सुई टोचावी लागत नाही. शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. म्हापशाच्या लॅबमधला १२.३ आणि फोंड्याच्या लॅबमधला ११.९ यांत खरा फरक काहीच नसेल असंही होऊ शकतं.

रिपोर्टात हिमोग्लोबिनच्या खाली दहा ओळी असतात. त्यातलं काय बघायचं?

समजा रिपोर्ट असा आहे : हिमोग्लोबिन १२.१, एमसीव्ही ८९, पांढऱ्या पेशी ६,८००, प्लेटलेट २,४०,०००. आधीचं हिमोग्लोबिन १३.८. पुरुषांसाठी छापलेली खालची मर्यादा १३ असल्याने १२.१ समोर खूण येते आणि घरात घबराट होते. पण एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, ८० ते १०० च्या मध्ये आहे आणि बाकीच्या पेशी जागेवर आहेत. हार्मोन उपचाराचं चित्र नेमकं असंच दिसतं : पेशी आकाराने नेहमीच्या, रंगाने नेहमीच्या, फक्त संख्येने थोड्या कमी.

आता दुसरा : हिमोग्लोबिन १०.२, एमसीव्ही ७१, प्लेटलेट ४,६०,०००. पेशी बारीक झाल्या आहेत. हे इंजेक्शनाचं काम नव्हे. असं दिसलं की आधी लोहाची कमतरता आणि तिच्यामागे कुठेतरी चाललेला रक्तस्राव शोधायचा. मात्र एमसीव्ही तरुणपणापासूनच ७० च्या आसपास असेल आणि फेरिटिन चांगलं असेल तर ती थॅलेसेमियाची वाहक अवस्था असू शकते. हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस एकदा केलं की ते स्पष्ट होतं.

एमसीव्ही १०० च्या वर असेल तर बी-१२, फॉलिक ॲसिड, थायरॉइड आणि दारू या चार गोष्टी तपासायच्या. रोज संध्याकाळी थोडी फेणी घेत असतील तर ते डॉक्टरांना सांगा. त्यात संकोच नको, निदान त्यावर अवलंबून असतं.

मग थोडं उतरलं की इंजेक्शनाचाच परिणाम समजून सोडून द्यायचं ना?

नाही. उतार अपेक्षित आहे हे खरं, पण तो किती, कधी आणि कसा यालाही मर्यादा आहे. त्या मर्यादेबाहेर गेलेल्या प्रत्येक आकड्याला कारण असतं, आणि ते बहुतेक वेळा सापडतं. इंजेक्शनावर खापर फोडून मोकळं झालं की आतड्यातला रक्तस्राव किंवा मूत्रपिंडाचा आजार महिनोन्महिने तसाच राहतो.

पुढे तपास करायला लावणाऱ्या गोष्टी अशा : दोन ग्रॅमपेक्षा जास्त घसरण. हिमोग्लोबिन ११ च्या खाली. वर्षभर एका पातळीवर राहिलेला आकडा अचानक खाली येणं. एमसीव्ही ८० च्या खाली किंवा १०० च्या वर. हिमोग्लोबिनबरोबर प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशीही कमी होणं. या शेवटच्या खुणेला आम्ही फार महत्त्व देतो, कारण हार्मोनच्या इंजेक्शनाने प्लेटलेट सहसा पडत नाहीत. तिन्ही पेशी एकत्र उतरल्या तर कॅन्सर हाडांच्या मज्जेत शिरला आहे का हे बघावं लागतं. त्यासाठी रक्ताचा स्मिअर सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. मज्जेतच राहायला हव्यात अशा कच्च्या लाल-पांढऱ्या पेशी त्यात फिरताना दिसल्या की संशय पक्का होतो. अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांतून आणि यकृतातून रक्तात येणारं एन्झाइम) वाढलेलं असणं ही जोडीची खूण. पीएसए कमी असलं म्हणजे ही शक्यता संपली असं नाही.

रक्त जाण्याच्या जागा या रुग्णांत ठरलेल्या असतात. लघवीतून : कधी सरळ लाल, कधी फक्त चहासारखी. गुदद्वारातून : रेडिएशन संपल्यावर काही महिन्यांनी, कधी एक-दोन वर्षांनीही, शौचाच्या वेळी ताजं रक्त पडू लागतं आणि ‘मूळव्याध असेल’ म्हणून घरात कुणी बोलत नाही. पोटातून : स्टेंटनंतरची ॲस्पिरिन, त्यावर कंबरदुखीसाठी औषधाच्या दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक, आणि ॲबिराटेरोन ही कॅन्सरची गोळी चालू असेल तर त्याच्या जोडीचं प्रेडनिसोलोन. ही तीन एकत्र आली की जठराला जखम व्हायला वेळ लागत नाही.

मूत्रपिंडही विसरू नका. प्रोस्टेटने लघवीचा मार्ग अडवून ठेवला असेल तर क्रिएटिनिन चढतं, आणि एरिथ्रोपोएटिन तयार होतं तेच मुळी मूत्रपिंडात. कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) वर्षानुवर्षं अनवाणी काम केलेल्यांत आतड्यातून रक्त शोषणारे आकडीकृमी अजूनही सापडतात. सीबीसीत इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेले असतील तर शौचाची तपासणी करून घ्या. पावसाळ्यात ताप येऊन गेल्यावर रक्त उतरलं असेल तर मलेरियाची चाचणी झाली होती का ते विचारा.

बाबा सारखे थकलेले असतात. रक्त वाढलं की थकवा जाईल ना?

थोडा जाईल, सगळा नाही. टेस्टोस्टेरॉन गेल्यावर स्नायू घटतात, रात्री अंगातून गरम वाफा येऊन झोपमोड होते, मन उदास राहतं, साखर वाढते. हिमोग्लोबिन १२ असलेला माणूस अंथरुणातून उठत नसेल तर केवळ १२ च्या आकड्याकडे बोट दाखवू नका. रक्त कमी असण्याचा थकवा श्रम करताना जाणवतो : चढावर दम लागतो, छाती धडधडते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. सकाळी उठल्यापासून काहीच करावंसं वाटत नसेल तर झोप आणि मन यांच्याविषयी डॉक्टरांशी बोला.

एक साधं मोजमाप घरी करता येतं. घराच्या किंवा देवळाच्या ठरलेल्या पायऱ्या दर आठवड्याला त्याच वेगाने चढा आणि कितव्या पायरीवर थांबावं लागलं ते कॅलेंडरवर लिहा. ‘अशक्त वाटतं’ यापेक्षा ‘गेल्या महिन्यात २४, आता १३’ हे डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगतं.

व्यायामाने थकवा वाढेल ही भीती समजते, पण हार्मोन उपचारातल्या थकव्यावर व्यायाम हाच सगळ्यांत भरवशाचा उपाय ठरला आहे. आठवड्यात एकूण १५० मिनिटं चालणं आणि दोन-तीन दिवस स्नायूंना जोर देणारे व्यायाम : खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं, पाण्याच्या एक लिटरच्या बाटल्या उचलणं. कॅन्सर मणक्यात किंवा मांडीच्या हाडात असेल तर फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय वजन उचलू नका.

लोहाची गोळी आपणच सुरू केली तर?

करू नका, आधी फेरिटिन बघा. हार्मोन उपचाराच्या ॲनिमियात लोह बहुतेक वेळा पुरेसं असतं, फक्त रक्त बनवण्याचा हुकूम कमी झालेला असतो. अशा वेळी गोळीने हिमोग्लोबिन वाढत नाही, बद्धकोष्ठ मात्र होतं. प्रोस्टेटच्या रुग्णात बद्धकोष्ठ ही साधी गोष्ट नाही, त्याने लघवी अडते आणि रेडिएशन झालेल्या जागेतून रक्त येतं.

फेरिटिन ३० च्या खाली असेल तर लोहाची कमतरता नक्की. पण कॅन्सर किंवा जंतुसंसर्गात फेरिटिन खोटं वाढतं. म्हणून ते ३० ते १०० असेल तर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही (रक्तातून लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलेलं आहे ते) बघतात, आणि ते २० टक्क्यांच्या खाली असेल तर कमतरता मानतात.

गोळी ठरलीच तर पाकिटावर ‘मूलद्रव्य लोह’ किती ते वाचा. फेरस फ्युमरेट ३०० मिलिग्रॅममध्ये साधारण १०० मिलिग्रॅम लोह असतं. दिवसातून एकदाच पुरते. दिवसाआड घेतल्यास ती पचनी जास्त पडते आणि पोटाला त्रास कमी होतो. रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

इथे घराघरांत होणारी एक चूक सांगतो. हार्मोन उपचारात हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून कॅल्शियमची गोळी दिलेली असते. सोयीसाठी ती लोहाच्या गोळीबरोबर सकाळी एकत्र दिली जाते. कॅल्शियम लोहाला आतड्यात शोषूच देत नाही. लोह सकाळी नाश्त्याच्या तासभर आधी आणि कॅल्शियम दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाबरोबर, अशी विभागणी करा. चहाही गोळीच्या आधी आणि नंतर तासभर टाळा. थायरॉइडची गोळी असेल तर तिच्यात आणि लोहात चार तासांचं अंतर हवं. पॅन्टोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या नजरेस आणा, पोटातलं आम्ल कमी झालं की लोह नीट शोषलं जात नाही.

गोळी लागू पडत असेल तर महिन्याभरात किमान एक ग्रॅम वाढ दिसते. पुन्हा १४ होईल ही अपेक्षा मात्र ठेवू नका. लोहाची तूट भरल्यावर आकडा १२-१२.५ ला येऊन थांबेल, कारण इंजेक्शनाची तूट शिल्लकच आहे. गोळी सोसत नसेल तर शिरेतून लोह देता येतं. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका वेळी १,००० मिलिग्रॅमपर्यंत देतात.

तांबडी भाजी आणि बीट रोज दिलं तर रक्त वाढेल?

बिटाचा आणि तांबड्या भाजीचा लाल रंग बीटालेन या वनस्पतीतल्या रंगद्रव्याचा असतो, त्याचा रक्ताशी संबंध नाही. तांबड्या भाजीत लोह आहे, पण पालेभाजीतलं लोह अंगी थोडंच लागतं. लिंबू पिळून खाल्ली तर जास्त लागतं. नाचणं उत्तम, पण त्यात कॅल्शियम भरपूर आणि लोह बेताचं. लोह आणि बी-१२ दोन्ही हवं असेल तर तिसऱ्या, खुबे, शिणाणे या शिंपल्यांसारखं अन्न नाही. शाकाहारी घरात कुळीथ, अळसांदे (चवळी), मोड आलेले मूग आणि सोबत पेरू किंवा आवळा. स्नायू टिकवण्यासाठी या सगळ्यांतली प्रथिनंही लागतातच. नुसत्या पेजेवर ठेवलेला माणूस लवकर खंगतो.

जूनपासून मासेमारी बंद, पाठोपाठ श्रावण. तेवढ्यात बी-१२ कमी होईल?

नाही. यकृतातला बी-१२ चा साठा काही वर्षं पुरतो, दोन-तीन महिन्यांनी काही बिघडत नाही. जन्मभर शाकाहारी असलेले आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे, यांनी मात्र बी-१२ तपासून घ्यावं.

डायलिसिसच्या रुग्णांना देतात ते रक्तवाढीचं इंजेक्शन का देत नाहीत?

एरिथ्रोपोएटिनने शिरांत गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, आणि कीमोथेरपी चालू नसलेल्या कॅन्सर रुग्णांत त्याने आयुष्य घटू शकतं असं दिसल्यावर २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी त्यावर कडक इशारा छापायला लावला. मूत्रपिंडाचा मोठा आजार सोबत असेल तर किडनीतज्ज्ञ आणि कॅन्सरतज्ज्ञ मिळून ठरवतात. टेस्टोस्टेरॉन वाढवण्याचा दावा करणारी चूर्णं, शिलाजीत, ‘शक्तीची’ औषधं पूर्णपणे टाळा. ज्या हार्मोनवर कॅन्सर पोसतो तेच आपण परत आणत असतो. आयुर्वेदिक भस्म घेत असाल तर पाकीट घेऊन या.

रक्त कधी चढवावं लागतं?

नुसत्या हार्मोन उपचाराने ती वेळ सहसा येत नाही. साधारणपणे हिमोग्लोबिन ७ च्या खाली, आणि हृदयविकार असेल तर ८ च्या आसपास किंवा लक्षणं तीव्र असतील तेव्हा. एका पिशवीने जवळपास १ ग्रॅम वाढतं. वयस्कर, हृदय कमजोर असलेल्या माणसाला एका वेळी एकच पिशवी, सावकाश. घाईने दोन दिल्या तर फुप्फुसात पाणी भरू शकतं. आणि पिशवी लावण्याआधीच तपासणीचं रक्त काढून घ्यायला सांगा, नंतर फेरिटिन, बी-१२, स्मिअर यांचा अर्थ लावणं अवघड होतं.

आधी अँजिओप्लास्टी झाली आहे. वेगळी काळजी हवी?

हो. ज्याच्या हृदयाच्या धमन्या अरुंद आहेत त्याला १०.५ वरही छातीत दडपण येऊ शकतं, जे दुसऱ्याला जाणवणारही नाही. पूर्वी न येणारं दडपण चालताना येऊ लागलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. ॲस्पिरिन स्वतःहून बंदही करू नका.

साखरेचा तीन महिन्यांचा रिपोर्ट चुकतो का?

चुकू शकतो. लोह कमी असताना एचबीएवनसी (तोच तीन महिन्यांचा रिपोर्ट) खरं असेल त्याहून जास्त दिसतं, तर रक्त चढवल्यावर किंवा रक्तस्रावानंतर कमी. अशा काळात ग्लुकोमीटरच्या आकड्यांवर भरवसा ठेवा.

रक्तासाठी इंजेक्शन थांबवता येईल?

केवळ एक-दोन ग्रॅमसाठी नाही. रेडिएशनबरोबरचा उपचार ठरावीक मुदतीचा असतो, काहींना सहा महिने, धोका जास्त असेल तर १८ महिने ते ३ वर्षं. तो संपल्यावर हिमोग्लोबिन वर येतं, पण टेस्टोस्टेरॉन परतल्यानंतर. आणि ते परतायला, विशेषतः सत्तरीपुढे आणि लांब उपचारानंतर, कित्येक महिने ते वर्षाहून अधिक लागू शकतं. शस्त्रक्रियेने वृषणं काढली असतील तर ते परतत नाही. पसरलेल्या कॅन्सरमध्ये उपचार सहसा कायमचा असतो. काही निवडक रुग्णांत मध्ये सुटी देऊन उपचार करतात, पण तो निर्णय पीएसएच्या वागण्यावर होतो. तारीख परस्पर चुकवू नका.

गोव्यात हे सगळं कुठे होईल?

सीबीसी आणि क्रिएटिनिन म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांतही होतं. घसरणीचं कारण सापडत नसेल तर बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) जा. काणकोण किंवा पेडण्याहून येणाऱ्यांनी रक्ततपासणी गावाजवळ आठवडाभर आधी करून रिपोर्ट हातात घेऊनच निघावं, म्हणजे दुसरी फेरी पडत नाही. पाच वर्षं गोव्यात राहिलेल्या कुटुंबांना दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत यादीतल्या उपचारांसाठी वर्षाला तीन माणसांपर्यंत अडीच लाख आणि चार किंवा अधिक माणसांना चार लाखांचं संरक्षण आहे. कार्डाची मुदत आजच बघा.

रात्री-अपरात्री कधी निघायचं?

छातीत दुखणं, बसल्या जागी दम, चक्कर येऊन पडणं, लघवीत गाठी किंवा लघवी अडणं, डांबरासारखा काळा, चिकट आणि दुर्गंधीचा शौच. लोहाच्या गोळीनेही शौच काळा होतो, पण तो चिकट नसतो आणि तसा वासही येत नाही. पाय अचानक लुळे पडले आणि पाठीत कळा असतील तर रक्ताचा प्रश्न बाजूला ठेवा, ती मणक्याची तातडी आहे. १०८ ला फोन करा. सोबत तीन कागद घ्या : चालू गोळ्यांची यादी, शेवटच्या इंजेक्शनाचं नाव व तारीख, आणि इंजेक्शनाआधीचा तो पहिला सीबीसी.